पुनर्विकासाचा प्लॅन करून घेताय? मग या चुका टाळा

मुंबईत पार्ल्यापासून मुलुंडपर्यंत कुठल्याही गल्लीत शिरा, हिरव्या जाळीत गुंडाळलेली एखादी तरी इमारत दिसतेच. शेजारच्यांचं काम सुरू झालं की आपल्या कमिटीला घाई सुटते आणि मंडळी माझ्यासारख्या आर्किटेक्टच्या ऑफिसात येऊन पहिलाच प्रश्न टाकतात: "साहेब, प्लॅन कधी देताय?" प्लॉट केवढा, कागद कुठे आहेत, हे कोणी काढत नाही.

मोजणीआधी प्लॅन

हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता चिडसुद्धा येत नाही, नुसता कंटाळा येतो. गोरेगावच्या एका सोसायटीची गोष्ट सांगतो. त्यांनी दुसऱ्या एकाकडून आधीच प्लॅन करून आणला होता. रंगीत व्ह्यू, लॉबीत झुंबर, गच्चीवर बाग, सगळं होतं. सेक्रेटरींनी प्रत्येक सभासदाला त्याच्या फ्लॅटची झेरॉक्सही वाटून टाकलेली. एका काकूंनी तर त्यावर पेन्सिलने आपलं गोदरेजचं कपाटही बसवलं होतं.

तो प्लॅन कशावरून काढला, असं विचारलं तर जुन्या मंजूर नकाशाच्या निळ्या प्रिंटवरून. घड्या पडून पडून त्या प्रिंटवरचे निम्मे आकडे पुसले गेले होते. टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) लावून मोजणी केली तेव्हा मागच्या बाजूला शेजाऱ्याची कंपाउंड वॉल चांगली दोन फूट आत सरकलेली निघाली. डीपी रिमार्क (शहराच्या विकास आराखड्यात प्लॉटबद्दल काय आहे, याचा पालिकेचा दाखला) काढला तर समोरचा रस्ता त्यात 13.40 मीटरचा आणि जागेवर जेमतेम नऊ. म्हणजे पुढचा दोन मीटरहून मोठा पट्टा सेटबॅकमध्ये, म्हणजे रस्ता रुंद करायला गेला. सेटबॅकच्या जागेचा एफएसआय (त्या जागेपोटी बांधकामाचा हक्क) मिळतो, हे खरं. पण एफएसआयवर गाड्या उभ्या राहत नाहीत आणि अग्निशमन दलाचा बंबही फिरत नाही. त्यासाठी जमीनच लागते. त्यात क्षेत्रफळ धरताना प्रॉपर्टी कार्डावरचं (जमिनीच्या सरकारी नोंदीतलं) आणि जागेवरचं यात जे कमी भरेल ते धरलं जातं.

इमारत आक्रसली, रॅम्प हलला, बेडरूम फूटभर अरुंद झाली. पुढच्या सर्वसाधारण सभेत कोणी एफएसआयबद्दल बोललंच नाही. "आम्हाला अकरा फूट सांगितले होते" एवढं एकच वाक्य रात्री साडेदहापर्यंत चाललं. त्या काकूंचं कपाट बसलं नाही ते नाहीच.

म्हणून माझी सवय अशी: प्रॉपर्टी कार्ड, सिटी सर्व्हेचा नकाशा, डीपी रिमार्क, कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर झाल्याचा दस्त) आणि जुना मंजूर प्लॅन हे समोर आल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नाही. डीपी रिमार्क पालिकेच्या संकेतस्थळावर मिळतो, त्यासाठी कोणाचे पाय धरावे लागत नाहीत. मग टेप घेऊन कंपाउंडभर चालायचं आणि सोबत इमारतीतला सगळ्यात जुना माणूस घ्यायचा. विहीर कुठे बुजवली, पावसात पाणी कोणत्या कोपऱ्यात तुंबतं, हे कुठल्याच नकाशात नसतं. ऑफिसात नवी आलेली मुलं उपग्रहाच्या चित्रावर रेघा ओढून "सर, प्लॉट झाला" म्हणतात. त्यांना मी आधी चप्पल घालायला सांगतो.

"एवढंच जरा सरकवा ना"

ओटा पूर्वेला हवा, म्हणून संडास पलीकडे न्या. कागदावर ही एका रेघेची गोष्ट. पण तुमचा संडास सरकला की तो खालच्यांच्या स्वयंपाकघरावर येतो, पाइपांचा शाफ्ट तुटतो, बीम आडवा येतो आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर फोन उचलायचं बंद करतो. आयओडी (पालिकेची सशर्त मंजुरी) आणि सीसी (काम सुरू करायचा दाखला) हातात आल्यावर हे सुचलं तर सुधारित प्लॅन पुन्हा मंजुरीला टाकावा लागतो. विक्रीचे फ्लॅट रेरात (घर घेणाऱ्यांच्या हिताच्या कायद्याखाली) नोंदवून विकायला सुरुवात झाली असेल, तर मंजूर आराखड्यात असे फेरफार करायला दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. तेव्हा दोष आर्किटेक्टला देऊ नका.

बहुतेकांना प्लॅन वाचता येत नाही आणि ते कबूल करायला लाज वाटते. मी गच्चीवर खडूने फ्लॅट पूर्ण मापाचा आखून देतो. घरच्या बाईंना ओट्यापाशी उभं करायचं, फ्रिजचं दार उघडल्यासारखं करायचं, वॉशिंग मशीनची आणि कपडे वाळत घालायची जागा दाखवायची. पाच मिनिटांत खऱ्या तक्रारी बाहेर येतात, आणि त्या आयओडीच्या आधी येतात. यात मान मोडून कॉम्प्युटर बघावा लागत नाही म्हणून ज्युनिअर हसतात. हसू देत.

कारपेटची गल्लत

जुन्या घराचं कारपेट (घराच्या आतलं वापराचं क्षेत्रफळ) आणि रेराचं कारपेट एका मापाने तोलू नका. रेराच्या व्याख्येत आतल्या पार्टिशन भिंती धरतात; बाहेरच्या भिंती, शाफ्ट आणि फक्त तुमच्या वापराची बाल्कनी धरत नाहीत. शेजारच्या सोसायटीला "एवढे टक्के जास्त मिळाले" ऐकून भांडायला येण्याआधी त्यांनी कोणतं माप धरलं ते विचारा.

बाकीच्या, थोडक्यात

पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला भागात विमानतळाची उंचीची मर्यादा आधी बघा. ती समुद्रसपाटीपासून मोजतात, तुमच्या गेटपासून नाही.

इमारत 32 मीटरच्या वर गेली की अग्निसुरक्षेचे नियम बदलतात आणि रेफ्युज एरिया (आग लागल्यावर थांबायची सुरक्षित जागा) द्यावा लागतो. "एकच मजला वाढवा" म्हणताना हे लक्षात असू द्या.

प्लॉटवरची झाडं पहिल्या दिवशी नकाशावर मांडा. पाडकामाच्या आदल्या आठवड्यात आंबा आठवून उपयोग नसतो.

मे महिन्यात खोदकामाला हात घालू नका. जूनमध्ये तुमच्या खड्ड्याचं तळं होतं आणि शेजाऱ्याची भिंत त्यात उतरायला बघते.

आर्किटेक्टचा कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक मागा. न मागणारी कमिटी अजून भेटते, याचं मला नवल वाटतं.

आणि फुकट फिजिबिलिटी (पुनर्विकास कितपत जमेल याचा हिशोबी रिपोर्ट) घेऊ नका. फुकट देणारा बहुतेकदा कोणत्यातरी बिल्डरचा माणूस असतो. तो आकडा फुगवून देतो आणि त्याच आकड्यावर सभासद अडून बसतात. मग दुसरा कोणी खरा हिशोब घेऊन आला की तोच चोर ठरतो. फी द्या, रिपोर्टवर सही-शिक्का घ्या आणि प्रत्येक मीटिंगचं इतिवृत्त त्याच संध्याकाळी सगळ्यांना पाठवा, ग्रुपवर नाही, ईमेलवर. ग्रुपवर ते गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं.