विद्यापीठात आदिवासी भाषा शिकवताना या चुका टाळा

गोंडीच्या प्रमाणपत्र परीक्षेचा पहिला निकाल हातात आला तेव्हा मी सुन्न झालो. गडचिरोलीतल्या भामरागडकडची एक मुलगी, घरी माडियाशिवाय, म्हणजे तिकडच्या गोंडीशिवाय, दुसरी भाषा नाही, ती काठावर पास. शहरात वाढलेला, गोंडीत धड पाणीही मागता न येणारा मुलगा पहिला. पेपर मराठीत होता. ‘गोंडी भाषेची वैशिष्ट्ये लिहा’, ‘गोंड समाजातील विवाहपद्धती सांगा’ असले प्रश्न, आणि उत्तरंही मराठीतच लिहायची. परीक्षा झाली ती गोंडीबद्दलच्या मराठीची. तो पेपर काढणाऱ्यांत मीही होतो.

ही चूक सगळ्यांत महागात पडते, म्हणून आधी तिच्याबद्दल. निम्म्याहून जास्त गुण तोंडी परीक्षेला ठेवा आणि परीक्षक गावातले बोलवा. विद्यार्थ्याने एखाद्या आजीशी दहा मिनिटं शेतीपाण्यावर, दुखण्याखुपण्यावर बोलावं. बोलणं कळलं का, हे त्या आजीने सांगावं.

आणि घरून भाषा घेऊन आलेली मुलं आणि नव्याने शिकणारी मुलं एका वर्गात बसवू नका. पहिल्या गटाला ‘माझं नाव अमुक’ शिकवायला लागलात तर ती पंधरा दिवसांत यायची बंद होतात. त्यांची भूक वेगळी असते: आपलं बोलणं लिहायचं कसं, त्यातले नियम कोणते, दुसऱ्या तालुक्यातली गोंडी कशी वेगळी, अनुवाद कसा करायचा. दोन स्वतंत्र तासिका बसतच नसतील तर या मुलांना नव्यांच्या सरावगटांची जबाबदारी द्या आणि त्या कामाचे क्रेडिट द्या. फुकट राबवून घेऊ नका.

मराठीच्या साच्यात व्याकरण

वर्गात मुलं मराठी वाक्यात गोंडी शब्द बसवून बोलत असतील, तर दोष बहुधा शिकवण्यात आहे. या भाषांना आपण ‘बोली’ म्हणतो आणि मनात नकळत ‘मराठीची बोली’ असं धरतो. गोंडी आणि कोलामी द्रविड कुळातल्या. मेळघाटातली कोरकू मुंडा शाखेची, म्हणजे तिचं नातं संथाली आणि मुंडारीशी. भिली आणि वारली इंडो-आर्यन. बुलढाण्यात जळगाव जामोदच्या परिसरात बोलली जाणारी निहाली तर कुठल्याच कुळात बसत नाही. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे 30 लाख आणि भिली गटातले 1 कोटीहून जास्त होते. तरी दोन्ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीबाहेर, म्हणजे तिथल्या मान्य भाषांच्या यादीबाहेर आहेत. संथाली आणि बोडो 2003 च्या घटनादुरुस्तीने आत आल्या. अनुसूचीत नसणं म्हणजे भाषा नसणं, असं विद्यार्थ्यांच्या मनात बसलेलं असतं. पहिल्याच आठवड्यात ते काढून टाका.

मग साचा मोडा. ‘एकवचन, अनेकवचन’ असा तक्ता फळ्यावर काढून कोरकू शिकवायला घेतलीत की तिचं द्विवचन हरवतं. कोरो म्हणजे माणूस, कोरोकिंग म्हणजे दोन माणसं, कोरोकू म्हणजे अनेक माणसं. समाजाचं नावच असं अनेकवचन आहे! ‘आपण दोघं’ म्हणताना समोरचा त्यात असेल तर आलांग आणि नसेल तर आलिंग. इथे मराठी मुलांना घाबरायचं कारण नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद त्यांना लहानपणापासून येतो, तिथूनच सुरुवात करा. गोंडीत लिंगांची विभागणी निराळी आहे. पुरुष एका बाजूला, त्याला ‘ओर’. बाई, बैल, झाड, दगड दुसऱ्या बाजूला, त्यांना ‘अद’. मराठीतली तीन लिंगं लावायला गेलात तर सत्रभर चुका दुरुस्त करत बसाल.

लिपीचा वाद पहिल्या दिवशी

या वादात अभ्यासक्रम अडकून पडतात. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. तेलंगणातल्या गुंजाळा गावी वेगळ्याच लिपीतली हस्तलिखितं मिळाली. आज दोन्ही लिप्या युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात आहेत, मसराम 2017 पासून आणि गुंजाळा 2018 पासून. दोन्हींमागे लोकांचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण लिपीचा निर्णय विद्यापीठाने करू नये. पहिले दोन महिने फक्त कान आणि तोंड. त्यानंतर टिपणांसाठी देवनागरी घ्या, तिच्यात न बसणाऱ्या आवाजांच्या खुणा बोलणाऱ्यांबरोबर बसून ठरवा आणि दुसऱ्या सत्रात समाजाला हवी ती लिपी शिकवा.

कुठली गोंडी, कुठली भिली, हा प्रश्नही येणारच. नंदुरबारात देहवाली, मावची आणि पावरी बोलणारी मुलं एकाच बाकावर बसतात. त्यातली एक शुद्ध ठरवू नका. जिथे शिकवताय तिथली आधाराला घ्या, बाकीच्या ऐकवत राहा.

जाणकाराला ‘माहितीदार’ करणं

भाषा येणाऱ्या माणसाकडे नेट-सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, नसते. मग नेट-सेटवाला शिकवतो आणि भाषा येणारा बाजूला स्टुलावर बसून ‘होय, असंच म्हणतात’ एवढंच म्हणतो. मुलं हे पाहतात आणि मान कोणाला द्यायचा ते शिकतात. मला हे फार लागतं.

वाट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात औपचारिक पदवीची अट नाही, अनुभव मोजला जातो. विभागाने प्रस्ताव नीट लिहिला, तर चाळीस वर्षं गावात कथा सांगणाऱ्याचा अनुभव मांडता येतो. ते जमेपर्यंत निदान मानधन प्राध्यापकाच्या व्याख्यानाइतकं द्या, तेही त्याच दिवशी. प्रवासखर्चाची बिलं सहा महिने अडकली की तो माणूस पुन्हा येत नाही, आणि त्याचं चुकत नाही.

संस्कृती म्हणजे स्नेहसंमेलनातला नाच

वारली लग्नात भिंतीवर चौक, म्हणजे लग्नविधीचं चित्र, लिहिला जातो तो सुवासिनींच्या हातून. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते, पालघट देवी चौकात बसते आणि मग लग्न लागतं. तोच चौक दुपारी तीनच्या कार्यशाळेत पोस्टर रंगांनी काढून घेतला, तर मुलांच्या हाती फक्त नक्षी लागते. काय कधी म्हणायचं, कोणी म्हणायचं, परक्यासमोर म्हणायचं की नाही, हे ज्ञानाचाच भाग आहे. अभ्यासक्रम आखताना गावाला विचारा: यातलं वर्गात काय शिकवू नये? ती यादी पहिल्या पानावर लावा.

ध्वनिमुद्रण करायचं तर ग्रामसभेची परवानगी हवी आणि मुद्रणाची प्रत गावात राहायला हवी. गावं स्वतःहून काय करू शकतात ते गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावने दाखवलं. तिथल्या ग्रामसभेने 2019 पासून स्वतः गोंडी माध्यमाची शाळा चालवली. अशा शाळेकडे विद्यापीठाने निरीक्षणाला जाऊ नये, शिकायला जावं.

तिसऱ्या वर्षी प्रवेश घटतात

कारण साधं असतं, शिकून पुढे काय ते कोणी सांगितलेलं नसतं. आश्रमशाळेतले शिक्षक, आशा कार्यकर्त्या, वनरक्षक, न्यायालयातले दुभाषे या सगळ्यांना भाषा लागते. पण संध्याकाळचा वर्ग नसेल तर ते येणार कसे? वेळ त्यांच्या नोकरीप्रमाणे ठेवा. तुमच्या जिल्ह्याच्या रुग्णालयात रोग्याच्या भाषेत विचारपूस करणारी एखादी परिचारिका असेलच. शेवटच्या सत्रात तिला बोलवा आणि ‘कुठं दुखतंय’ पासून गोळीच्या वेळेपर्यंतचे चार तास तिच्या हाती सोपवा.