'सीसीआयची खरेदी उद्यापासून बंद' : असा मेसेज आला तर काय करायचं

कापूस घरात पडलाय. रात्री नऊला गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतं, 'उद्यापासून सीसीआयची खरेदी बंद, माल काढून टाका.' (सीसीआय म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, हमीभावानं कापूस घेणारी सरकारी कंपनी.) सकाळी खेडा खरेदीवाल्याची, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या खासगी व्यापाऱ्याची, गाडी दारात. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. घाबरून विकणाऱ्याच्या हाती तो लागत नाही.

आधी मेसेजच्या डोक्यावर बघा. दोन बाण दिसले तर तो किमान पाच ठिकाणांहून फिरत आलाय. पाठवणारा आपला, लिहिणारा कोण कुणास ठाऊक. सरळ विचारा, "काकाजी, हे तुमाले कोनं पाठवलं?" बहुतेकदा उत्तर 'दुसऱ्या ग्रुपवर होतं' एवढंच मिळतं. एमआयटीच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या सव्वा लाखावर बातम्या तपासून 2018 साली निष्कर्ष मांडला: खोटी बातमी पुढे ढकलली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्के जास्त. त्यात यंत्रांपेक्षा माणसांचाच हात मोठा, कारण खोट्यात नवलाई असते.

मग 'उद्या' म्हणजे कोणत्या तारखेचा उद्या, ते शोधा. आणि कोणतं केंद्र? इथंच खरी गोम आहे. एखाद्या जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात) जागा नाही म्हणून तिथली खरेदी दोन दिवस थांबते, आणि मेसेजमध्ये अख्खा विदर्भ बंद होतो. निव्वळ खोट्यापेक्षा हे अर्धं खरं जास्त फसवतं.

सकाळी बाजार समितीत फोन लावा. गाडी तोवर थांबते, तिलाही कापूस हवाच आहे. मेसेज बियाण्याचा असेल तर सहायक कृषी अधिकारी (आधीचे कृषी सहायक), वाघाचा व्हिडिओ असेल तर वनरक्षक. फोटो जुना वाटला तर गूगल लेन्सवर टाकून बघा.

खोटं निघालं तर तोच मेसेज 'हे खरं आहे का?' म्हणून पुन्हा टाकू नका. तीच गोष्ट वारंवार कानावर आली की खरी वाटू लागते, हे 1977 पासूनच्या प्रयोगांत दिसलंय. काकाजींना वेगळा फोन करा. चारचौघांत चूक दाखवली तर ते अडून बसतील (आपणही बसलो असतो). ग्रुपवर फक्त खरं टाका: 'हिंगणघाटचं केंद्र सोमवारी सुरू आहे, समितीत विचारलं.'

पोरं पळवणारी टोळी आल्याचा मेसेज मात्र वेगळा. तिथं सकाळची वाट बघायची नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून भिक्षुकीसाठी आलेल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत. अनोळखी माणसाभोवती गर्दी जमू लागली की आधी 112 लावा, मग पोलीस पाटलांना उठवा.