गावच्या तळ्याचा गाळ काढायचाय? पंचायतीत जाण्याआधी हे वाचा

आमचे गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, राकसकोप धरणाच्या खालच्या अंगाला, मार्कंडेय नदीच्या खोऱ्यात. भात आणि रताळी पिकवणारी माणसे आम्ही. जुलैत छत्री हातात टिकत नाही इतका पाऊस, आणि एप्रिल उजाडला की विहिरीला दोर पुरत नाही. सासूबाई सांगायच्या, गावच्या तळ्यात पूर्वी उन्हाळ्यातही म्हशी डुंबायच्या. मी महिला मंडळाची सेक्रेटरी झाले तेव्हा मे महिन्यात त्या तळ्यात पोरे क्रिकेट खेळत होती.

ते तळे मंडळाने आणि ग्रामपंचायतीने मिळून साफ केले. दोन उन्हाळे लागले. त्यातला पहिला माझ्या चुकीने वाया गेला, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तेव्हाचे पीडीओ, म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी, भले गृहस्थ होते. तळ्यावर आले, बांधावरून फिरले, "करू या" म्हणाले. आम्ही तेवढ्यावर विसंबून घरोघरी वर्गणी मागितली. फेब्रुवारीत त्यांची बदली झाली. नवे साहेब आले, त्यांनी शांतपणे विचारले, "कागद यल्लैत्री?" म्हणजे कागद कुठे आहे? कागद नव्हताच. त्यांचा दोष नव्हता, मी काही लिहून दिले नव्हते. घराघरात जाऊन वर्गणी परत करताना बायकांच्या नजरेला नजर देणे मला जड गेले.

तेव्हा पहिली गोष्ट. अर्ज कचेरीला द्यायचा, साहेबांना नव्हे. दोन प्रती न्या. एक आत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय दारातून हलू नका. बदली माणसाची होते, आवक रजिस्टर तिथेच राहते.

भाषेचे आपल्याकडे विचारतातच, म्हणून सांगते. राज्यघटनेचे ३५० वे कलम कोणत्याही नागरिकाला आपले गाऱ्हाणे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडू देते. म्हणून मराठीत अर्ज द्यायला कचरू नका. पण तालुक्याच्या टेबलावर तो वाचणारा माणूस मराठी जाणत नसेल तर अर्ज तिथेच पडून राहील, आणि तळे मात्र सुकेल. आम्ही एकाच कागदावर वर कन्नड आणि खाली मराठी असा अर्ज करतो. कन्नड मजकूर माझी धाकटी जाऊ लिहिते, तिचे शिक्षण कन्नड शाळेत झाले. निम्मे शब्द तर दोन्हीकडे सारखेच निघतात: ठराव, अर्जी, आवक, कचेरी. मला हा दोन भाषांचा कागद मनापासून आवडतो. बैठकीत एकही माणूस "मला कळले नाही" म्हणून बाजूला बसत नाही.

अर्ज लिहिण्याआधी तळे कोणाचे आहे ते पाहा. नाडकचेरीतून, म्हणजे जवळच्या महसूल कचेरीतून, सर्वे नंबरचा उतारा, म्हणजे पहणी काढा. मालकाच्या जागी सरकारी केरे (कन्नडमध्ये तळे) असे असेल तर पुढचा प्रश्न, ते कोणत्या खात्याकडे? आपल्या राज्यात ढोबळ नियम असा की ज्या तळ्याखाली ४० हेक्टरपर्यंत जमीन भिजते ते पंचायतराज व्यवस्थेकडे, त्याहून मोठे लघुपाटबंधारे खात्याकडे. चुकीच्या दारात सहा महिने उभे राहण्यापेक्षा हे एका दिवसात विचारून घ्या. हद्दीवर कोणी शेत पुढे सरकवले असेल तर सर्वे खात्याकडून मोजणी करून घ्या. ते भांडण मंडळाने अंगावर घेऊ नये. अतिक्रमण हटवणे तहसीलदारांचे काम आहे, आणि शेजाऱ्याशी उद्याही बोलायचे असते. मासेमारीचा लिलाव झालेला असेल तर त्याची मुदत कधी संपते तेही पाहून ठेवा.

मग माप. सगळ्यात जास्त उपयोग मला याचाच झाला. "आमच्या तळ्यात फार गाळ साचलाय" म्हटले की समोरचा मान डोलावतो आणि विसरतो. आम्ही टेप घेऊन गेलो. लांबी ६० मीटर, रुंदी ५० मीटर. पाच ठिकाणी पहारीने खड्डे करून पाहिले, गाळ सरासरी एक मीटर. म्हणजे ३,००० घनमीटर. एका घनमीटरात १,००० लिटर पाणी मावते, तेव्हा गाळ निघाला की ३० लाख लिटर जागा मोकळी होणार. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण तेवढेच बसते. त्या हिशेबाने हजारावर ट्रॉल्या झाल्या. दिवसाला ५० खेपा धरल्या तर तीन आठवडे. हे आकडे घेऊन बसलो तेव्हा ज्युनिअर इंजिनिअरांनी पहिल्यांदा वही उघडली.

आता पैसा. पंचायतीची कामे ठरतात ती आधी वॉर्डसभेत, मग ग्रामसभेत, आणि तिथून क्रिया योजनेत, म्हणजे वर्षाच्या मंजूर कामांच्या यादीत जातात. क्रिया योजनेत नाव नसेल तर पुढे कितीही हेलपाटे मारा, उपयोग नाही. नव्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरपासून चालते. म्हणून तळ्याचा विषय भातकापणीच्या आधीच वॉर्डसभेत मांडा. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर जाग आली तर त्या वर्षीचा पैसा आधीच वाटला गेलेला असतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी गावांना जो निधी दिला, त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छता याच कामांसाठी राखलेला होता. असा राखीव निधी चालू वर्षी किती शिल्लक आहे, हे सभेत उभे राहून विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा. आम्ही सभेला चाळीस बायका गेलो होतो. विषय शेवटी ढकलला गेला, तरी उठलो नाही.

सरकारी पैसा मंडळाच्या खात्यात घेऊ नका, असा माझा ठाम सल्ला आहे. मंडळ नोंदणीकृत असले तरी. (नसेल तर करून घ्या. कर्नाटकाच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात सभासद पुरतात, मात्र दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि तपासलेला हिशेब द्यावाच लागतो.) पंचायतीने मशीनचे बिल स्वतः भरावे, आपण आपला वाटा आपल्या खात्यातून करावा. दोन पैसे एकत्र झाले की पहिल्या भांडणात मंडळ फुटते. हे मी दुसऱ्या गावात पाहिले आहे.

आमची वाटणी अशी होती. पोकलेन आणि डिझेल पंचायतीचे. गाळ वाहून नेण्याचा खर्च ज्याच्या शेतात तो जाईल त्या शेतकऱ्याचा. खेपांची मोजणी, पाणी, सावली आणि सांडव्याची दुरुस्ती मंडळाची. वर्गणी महालक्ष्मी यात्रेला काढतो तशीच काढली, घरटी ठरवून, पावती देऊन. ग्रामसभेच्या ठरावात आम्ही या ओळी घालून घेतल्या:

"सर्वे नंबर अमुक या सरकारी तळ्यातील गाळ पंचायत निधीतून काढावा. गाळ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने न्यावा, कोणीही तो विकू नये. खेपांची नोंद महिला मंडळाने ठेवावी व रोज पंचायतीला द्यावी. कामानंतर सांडवा व बांधाची देखभाल दरवर्षी मे महिन्यात पंचायत आणि मंडळ यांनी मिळून करावी."

शेवटचे वाक्य गाळू देऊ नका. काम करायला सगळे येतात, पुढच्या वर्षी बांधावरची झुडपे तोडायला कोण, हे लिहिलेले नसते. गाळ विकण्याबद्दलही कडक राहा. विक्री सुरू झाली की परवाना आणि रॉयल्टीचा प्रश्न उभा राहतो आणि काम थांबते.

प्रत्यक्ष काम मार्च ते मे. निवडणुकीची आचारसंहिता लागणार असेल तर त्याआधी कार्यादेश हातात घ्या. मशीन उतरण्यापूर्वी इंजिनिअर पातळ्या घेतात, तेव्हा मंडळाच्या दोघी तिथे हजर हव्यात. एमबीत, म्हणजे इंजिनिअरांच्या मोजमाप वहीत, काय लिहिले ते विचारा. लाजायचे कारण नाही. बांधाच्या पायथ्याशी खोदू देऊ नका, चार-पाच मीटरची पट्टी तशीच सोडा, नाहीतर पहिल्याच पुरात बांध बसतो. कडा उभ्या ठेवू नका, उताराच्या करा. त्या तळ्यावर गुरे आणि लहान पोरे जाणार आहेत.

अर्ज देऊन महिना-दीड महिना उत्तर नसेल तर माहिती अधिकारात विचारा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून नेमके विचारा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, टिपणीची प्रत द्यावी. पण हे आधी करू नका. आधी स्वतः जाऊन भेटा, दोनदा भेटा. आमचे नवे पीडीओ पुढे रोज सकाळी तळ्यावर यायचे, कारण खेपांची वही आम्ही त्यांच्या टेबलावर रोज संध्याकाळी ठेवत होतो.

ती वही अजून चालू आहे. आता तिच्यात खेपा नाहीत. तळ्यालगतच्या तीन विहिरींत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोर सोडून पाणी किती हातांवर आहे ते लिहितो. पुढच्या वॉर्डसभेत सांडव्याच्या पिचिंगचा, म्हणजे दगडी अस्तराचा विषय मांडायचा आहे, तेव्हा हीच वही घेऊन जाणार.