जुना ऑइल फिल्टर फेकण्याआधी फोडून बघा

ऑइल फिल्टर चांगला की वाईट हे दुकानाच्या काउंटरवर कळत नाही. तिथं आपण बघतो डब्याचा रंग, होलोग्राम, आणि हातात घेऊन वजन. म्हणजे किंमत करतो ती पत्र्याची. पैसे मात्र आतल्या कागदाचे आणि रबराचे दिलेले असतात, आणि त्यांची परीक्षा होते फिल्टर हजारो किलोमीटर चालून बाहेर आल्यावर. म्हणून माझ्या गॅरेजात निघालेला फिल्टर थेट भंगारात जात नाही. गिऱ्हाइकाला ‘थांबा, फोडून दाखवतो’ म्हटलं की निम्मे लोक घड्याळ बघतात. उरलेले निम्मे पुढच्या वेळी स्वतःच विचारतात, ‘मालक, फिल्टर फोडला का?’

इथं सांगतोय ते पत्र्याच्या डब्याच्या, आट्यांवर फिरवून बसवायच्या फिल्टरबद्दल. स्विफ्टच्या जुन्या १.३ डिझेल इंजिनासारख्या ठिकाणी डबा नसतोच, झाकण उघडून नुसता कागदाचा एलिमेंट बदलायचा. त्यात कापाकापी वाचते, बाकी वाचन तेच.

फिल्टर खोलतानाच दोन गोष्टी बघा. पहिली, त्याची रबरी रिंग त्याच्यासोबत आली का. जुनी रिंग इंजिनाच्या ब्लॉकला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर चढला, तर रिंगवर रिंग बसते आणि प्रेशर आलं की सगळं ऑइल रस्त्यावर. दुसरी, फिल्टर हातानं सुटला की पाना लावून, वाकवून काढावा लागला. बसवताना रिंगला बोटभर ऑइल लावून, रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा हातानं आवळला असेल तर इतका त्रास होत नाही. ज्या फिल्टरला स्क्रूड्रायव्हर आरपार घालून काढावं लागतं, तो आधीच्या मेस्त्रीची ओळख सांगतो.

डब्यावर लगेच मार्करनं किलोमीटर, तारीख आणि कोणतं ऑइल होतं ते लिहा. मग भोकं खाली करून ट्रेवर रात्रभर निथळत ठेवा. घाईत कापलात तर आतलं ऑइल टेबलावर, आणि बघायचं ते त्याच्यासोबत वाहून जातं. हातात ग्लोव्हज हवेतच. वापरलेलं ऑइल कातडीला चांगलं नाही, आणि कापलेला पत्रा तर ब्लेडच.

कापायला ग्राइंडर घेऊ नका, हॅकसॉही नको. ग्राइंडरच्या ठिणग्या आणि ऑइल ही जोडी का नको ते सांगायला नको. पण खरी अडचण वेगळीच आहे. दोन्हींचा लोखंडी चुरा आत पडतो, आणि मग इंजिनाची झीज शोधायला बसलेला माणूस आपल्याच आरीचा कीस शोधत बसतो. पाइप कटरसारखा, चाक दाबत गोल फिरवायचा फिल्टर कटर मिळतो, तो घ्या. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगर, म्हणजे कारखान्यांची वसाहत, जवळ असल्यानं सोय आहे. लेथवाल्याकडं दिला तर तो तळाच्या प्लेटजवळची दुमडलेली कड अलगद उतरवून देतो. तिथंही कीस निघतोच, म्हणून भोकं चिकटपट्टीनं बंद करून द्यायची आणि उघडण्याआधी बाहेरून पुसून घ्यायचा.

डबा उघडला की आधी ऑइलची वाट समजून घ्या, नाहीतर उलट्या बाजूला बघत बसाल. प्लेटवरच्या गोलाकार बारीक भोकांतून ऑइल आत येतं, कागदाच्या बाहेरून आतल्या बाजूला गाळून जातं, आणि मधल्या आट्यांच्या भोकातून इंजिनात परत जातं. म्हणजे कचरा कागदाच्या बाहेरच्या अंगाला अडकतो. मधल्या जाळीदार नळीत कचरा सापडला तर तो फिल्टरला चुकवून गेलेला आहे, आणि तो इंजिनाचा दोष नाही, बहुधा फिल्टरचा आहे.

आता कागदाची पट्टी वर-खालच्या टोप्यांच्या कडेनं धारदार चाकूनं कापून सोडवा. ती दोन लाकडी फळ्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये दाबा, उरलेलं ऑइल निघून जाईल. मग पांढऱ्या ट्रेमध्ये उलगडून उन्हात न्या. ऊन तिरपं लागलं पाहिजे, समोरून नको. सावलीत काम असेल तर मोबाइलचा टॉर्च कागदाच्या पातळीवर आडवा धरा. चमक असेल तर तिथंच दिसते.

लोहचुंबक उघडा फिरवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घड्यांवरून फिरवा. पोलादाचा चुरा पिशवीला बाहेरून चिकटेल. पांढऱ्या कागदावर नेऊन चुंबक आतून ओढून घेतला की चुरा कागदावर पडतो आणि नीट बघता येतो. नाहीतर तो चुंबकावरून जन्मात निघत नाही.

काय दिसलं म्हणजे काय समजायचं? नव्या किंवा नुकत्याच बोअर केलेल्या इंजिनाच्या पहिल्या फिल्टरात बारीक चमक असणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डिझेलचा कागद काळाकुट्ट असणार, तो काजळीचा रंग. कडक काळे कण म्हणजे जळालेलं ऑइल, कार्बन. चुंबकाला न चिकटणारी पांढरट चमक बहुतेक ॲल्युमिनियमची, म्हणजे पिस्टन किंवा आजकालचे ॲल्युमिनियमचे बुश (बेअरिंग). चिकटणारी चमक पोलादाची: कॅम, चेन, ऑइल पंप. तांबूस चमक दिसली की मात्र बाकीची कामं बाजूला ठेवायची. क्रँकच्या ज्या बुशांत तांब्याचा थर असतो, त्यांचा वरचा थर घासून तांबं उघडं पडल्याचं ते लक्षण. दुधाळ, लोण्यासारखा लगदा म्हणजे पाणी. रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत पावसाळ्यात थोडा दिसू शकतो. भरपूर असेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडं वळा. रबरासारखे लवचिक तुकडे सापडले तर कुणीतरी चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, बसवताना सीलंट सढळ हातानं लावलंय, आणि त्यातलं बाकीचं खाली पंपाच्या जाळीत अडकत असणार.

ही जाळी लक्षात ठेवा. चेंबरमधलं ऑइल आधी तिच्यातून आणि पंपातून जातं, मगच फिल्टरला येतं. त्यामुळं फिल्टरात मोठा तुकडा सहसा येऊ शकत नाही. लोखंडाचा लांब वळलेला कीस सापडला तर आधी स्वतःच्या कटिंगवर संशय घ्या, नाहीतर फिल्टर बनवताना आटे पाडले तेव्हाचा तो कीस आहे. आणि तो आट्यांचा असेल तर गाळलेल्या बाजूचा आहे, म्हणजे सरळ इंजिनात जाण्याच्या वाटेवर होता. असा फिल्टर परत घेऊ नये, एवढं एकच कारण पुरेसं आहे.

एका पेट्रोल हॅचबॅकचे मालक आले होते. म्हणाले, ‘सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड करते, मग गप्प.’ अशा वेळी संशय दोघांवर जातो. फिल्टरात एक रबरी वॉल्व्ह असतो, इंजिन बंद झाल्यावर ऑइल मागं चेंबरमध्ये उतरू न देणारा. तो कडक झाला की फिल्टर रात्रीत रिकामा होतो आणि सकाळी इंजिन काही क्षण कोरडं फिरतं. दुसरा संशय टायमिंग चेनवर, म्हणजे क्रँकवरून कॅम फिरवणाऱ्या साखळीवर. फिल्टर उघडला. रबर बोटानं वाकवलं, मऊ होतं, कड सपाट होती. म्हणजे फिल्टर निर्दोष सुटला. पण घड्यांच्या तळाशी मिलिमीटरभराचे तपकिरी तुकडे होते, नखानं दाबले तर दबत नव्हते, चुंबकाला दाद देत नव्हते. एका तुकड्याची एक बाजू घासून गुळगुळीत झालेली. प्लास्टिक. चेंबर उतरवलं तर त्याच रंगाचे मोठे तुकडे जाळीवर बसलेले, आणि वर चेनचा गाइड, म्हणजे तिला वाटेवर ठेवणारी प्लास्टिकची पट्टी, तुटलेला. फिल्टर न उघडता नुसता बदलला असता तर खडखड तशीच राहिली असती आणि शिव्या नव्या फिल्टरला बसल्या असत्या.

आता किंमत. सगळ्यात आधी एक उलटी गोष्ट: कागद अगदी स्वच्छ निघाला तर खूश होऊ नका. दहा हजार चाललेल्या फिल्टरात काहीच नसेल, तर ऑइल कागदातून गेलंच का, हे तपासा. प्रत्येक फिल्टरात नाहीतर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये एक बायपास वॉल्व्ह असतो. कागद तुंबला किंवा थंडीत ऑइल घट्ट झालं की तो उघडतो आणि ऑइल न गाळता पुढं सोडतो, कारण घाण ऑइल परवडलं, कोरडं इंजिन नाही. त्याची स्प्रिंग ढिली किंवा बैठक वाकडी असेल तर तो कायमचाच किलकिला राहतो. टोपीचा डिंक सुटलेला, कागदाचा सांधा उकललेला, घड्या एका बाजूला गोळा होऊन दुसरीकडं फट पडलेली, मधली नळी चेपलेली: यांपैकी एक जरी दिसलं तरी तो फिल्टर फुकट मिळाला तरी महाग. टोप्या पुठ्ठ्याच्या आहेत म्हणून नाक मुरडू नका. चिकटलेल्या राहिल्या असतील तर पुठ्ठाही चालतो.

सांधे शाबूत असतील तर टेप घ्या. समजा पट्टी उलगडून १२० सेंमी लांब आणि ५ सेंमी उंच भरली: ६०० चौरस सेंमी कागद. फिल्टर १२० रुपयांचा असेल तर रुपयाला ५ चौरस सेंमी. शेजारचा ८० रुपयांचा ‘स्वस्त’ फिल्टर उघडला आणि त्यात ७० बाय ५, म्हणजे ३५० निघाले, तर रुपयाला साडेचारही पडत नाहीत. शिवाय कागद कमी म्हणून तुंबणार लवकर. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात.

कागद किती बारीक गाळतो हे मात्र मोजपट्टी सांगत नाही. ते प्रयोगशाळेचं काम, त्याला आयएसओ ४५४८-१२ ही चाचणी आहे. खोक्यावर ‘२० मायक्रॉन’ (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लिहिलेलं असेल तर विचारायचं, त्या मापाचे किती टक्के कण अडवतो? निम्मे आणि ९९ टक्के, दोघांनाही २० मायक्रॉन छापता येतं. आणि आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला, असंही नाही. २० मिमी व्यासाचे, १.५ मिमी अंतराचे आटे कितीतरी गाड्यांना असतात, पण बायपास किती प्रेशरला उघडावा हे इंजिनागणिक वेगळं.

आतल्या रबराचा रंगही बघून ठेवा. काळं रबर बहुधा नायट्राइलचं, उष्णतेनं कालांतरानं ताठ होतं. केशरी किंवा लालसर असेल तर बहुधा सिलिकॉन, ते जास्त टिकतं. ज्यांच्या गाडीत फिल्टर आडवा किंवा भोकं खाली करून बसतो, त्यांनी या रबरासाठी वीस-तीस रुपये जास्त द्यावेत. भोकं वर करून उभा बसणाऱ्याला तेवढा फरक पडत नाही.

जुनी गाडी घेताय तर सौदा ठरण्याआधी मालकाला सांगा, ऑइल आणि फिल्टर माझ्या खर्चानं बदलतो, जुना फिल्टर माझा. साधं ऑइल आणि एक फिल्टर, एवढाच खर्च. बहुतेक जण हो म्हणतात. जो फारच आढेवेढे घेतो त्याच्याशी सौदा करायची घाई नको. डबा बाहेरून गंजलेला, चिखलानं थापलेला, आणि हातात बिल महिन्यापूर्वीच्या सर्व्हिसचं, असं असेल तर बिलावर विश्वास ठेवू नका. तांबूस चमक निघाली तर किंमत कमी करून घेण्यातही अर्थ नाही, इंजिनाच्या कामाचा आकडा कुणीही आधी सांगू शकत नाही. काळा कार्बन नि चिकट गाळ असेल तर बोलता येतं.

बघून झालेला कागद आणि निथळलेलं ऑइल गटारात किंवा चुलीत घालू नका. केंद्र सरकारच्या २०१६ च्या कचरा नियमांनुसार वापरलेलं ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडतं. ते डब्यात साठवून, परवाना असलेला ऑइलवाला येतो त्याला द्यायचं. कागदाचा हातभर तुकडा मात्र मी किलोमीटर लिहून झिपच्या पिशवीत ठेवतो, पुढच्या ऑइल चेंजला शेजारी ठेवून बघायला.