स्क्रोल सॉवरचा लाकडी वाडगा: या चुका टाळा

एका सपाट फळीतून खोलगट वाडगा निघतो, यावर प्रथम कोणाचाच विश्वास बसत नाही. फळीवर एकात एक वर्तुळे आखायची, स्क्रोल सॉ या बारीक ब्लेडच्या करवत यंत्राचे टेबल तिरके करून त्या रेषांवरून रिंगा कापायच्या आणि त्या एकाखाली एक चिकटवायच्या, एवढेच हे तंत्र आहे. त्याला लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कोरण्याचे यंत्र, लागत नाही. मात्र रिंगा रचल्यावर भिंतीत पायऱ्या दिसल्या की बहुतेक जण थेट सँडपेपर हाती घेतात. ही पहिली चूक होय, कारण पायरी ही आखणीतली किंवा जुळवणीतली चूक असते आणि ती ओळखल्याशिवाय घासत बसल्यास भिंत तेवढी पातळ होते.

रिंगची रुंदी, फळीची जाडी आणि टेबलाचा कोन यांचे नाते सरळ आहे: रुंदीला जाडीने भागले की कोनाचा टॅन मिळतो. फळी 20 मिमी जाड आणि रिंग 8 मिमी रुंद असेल, तर भागाकार 0.4 येतो आणि कोन जवळपास 22 अंशांचा होतो. 200 मिमी व्यासाच्या चकतीतून अशा पाच रिंगा व तळाचा तुकडा निघतो आणि सुमारे 120 मिमी उंचीचा वाडगा उभा राहतो. टेबल चुकून 20 अंशांवर राहिले, तर प्रत्येक जोडावर पाऊण मिमीहून किंचित लहान पायरी पडते. ब्लेडच्या कापात अर्ध्या मिमीहून अधिक लाकूड आधीच गेलेले असते, म्हणजे जोडाशी भिंत साडेसहा मिमीच्या आसपासच उरते. यंत्रावर छापलेल्या अंशांच्या पट्टीवर मी विसंबत नाही; आधी गुण्या लावून ब्लेड व टेबल काटकोनात आहेत का ते पाहतो, मग त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यातून दोन रिंगा कापून रचून पाहतो.

पायरी कोठे पडली आहे, यावरून दोष ओळखता येतो. ती सर्व बाजूंनी सारखी असेल तर कोन चुकला आहे. एकाच बाजूला असेल तर फळीची जाडी सर्वत्र सारखी नाही, आणि अशा फळीवर आधी रंधा मारायला हवा होता. एका बाजूला बाहेर व बरोबर समोर आत आलेली असेल, तर आखणी व कापणी निर्दोष असून रिंग चिकटवताना सरकली आहे.

कापण्याची दिशा चुकली तर मात्र फळीच वाया जाते. टेबल डावीकडे खाली झुकवले असेल तर वर्तुळाचे केंद्र कापताना सतत ब्लेडच्या डाव्या हाताला राहिले पाहिजे. ते उजवीकडे गेले की उतार उलटा होतो, रिंगचा खालचा घेर वरच्यापेक्षा मोठा होतो आणि रचना जुळत नाही. ब्लेड ओवण्याचे छिद्रही त्याच कोनात, खाली जाताना केंद्राकडे झुकणारे हवे. याकरिता त्या कोनात कापलेला लाकडी ठोकळा ड्रिलला टेकण म्हणून धरावा आणि टोचा मारून मगच छिद्र पाडावे. दोन्ही टोकांना पिन असलेल्या ब्लेडला मोठे छिद्र लागते व त्याची खाच भिंतीवर राहून जाते. म्हणून या कामासाठी बिनपिनेची ब्लेडच घ्यावीत, आणि 20 मिमी जाडीला 9 क्रमांकाचे ब्लेड चांगले.

कापलेली रिंग हाती आली की ती उलटी करून पाहावी. वरची कड रेषेबरहुकूम आणि खालची लाटांसारखी असेल, तर फळी जोराने रेटली गेल्यामुळे ब्लेड मध्येच वाकले आहे, असे समजावे. ब्लेडचा ताण वाढवावा, रेटा कमी करावा आणि ब्लेड बोथट होण्याची वाट न पाहता ते बदलावे. लाकूड काळे पडत असेल तर फळीवर पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवून कापावे.

सागवानाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण नागपुरात लकडगंजच्या टिंबर मार्केटमध्ये गेल्यावर हात आपोआप त्याच्याकडेच वळतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील हे लाकूड नावाजलेले आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये बल्लारपूरहून सागवानच गेले. परंतु त्यात सिलिका असल्याने ब्लेड लवकर बोथट होते, आणि ते तेलकट असल्याने फेव्हिकॉलची पकड कमी पडू शकते. चिकटवण्यापूर्वी जोडाचे पृष्ठभाग ॲसिटोनने पुसावेत आणि त्याची वाफ उडाल्यावर लगेच फेव्हिकॉल लावावा. पहिल्या वाडग्यासाठी माझी शिफारस शिवण या लाकडाची आहे. ते हलके असून हाताला सोपे जाते.

माझा स्वतःचा पहिला वाडगा मात्र सागवानाने नव्हे, तर कूलरने बिघडवला. मे महिन्यात कूलर चालणाऱ्या खोलीत फळी महिनाभर पडून होती, तेथेच रिंगा कापल्या आणि दिसायला छान म्हणून एकीआड एक रिंग पाव फेरी फिरवून चिकटवल्या. नंतर वाडगा शेजारच्या कोरड्या खोलीतील कपाटावर ठेवला. चौथ्या दिवशी वरून दुसऱ्या जोडात केसाएवढी फट दिसली, आणि तशीच एक बरोबर तिच्यासमोर. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने अधिक आकसते, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. त्यामुळे काटकोनात फिरवलेल्या रिंगा एकमेकींना ओढत होत्या. तेव्हापासून कापण्याआधीच मी सर्व वर्तुळांवरून पेन्सिलची एक आरपार रेघ ओढतो आणि चिकटवताना त्या खुणा एका ओळीत ठेवतो. नागपुरात मेच्या दुपारी हवेतील आर्द्रता अनेकदा वीस टक्क्यांखाली जाते आणि ऑगस्टमध्ये ती ऐंशीच्या आसपास राहते, म्हणून फळी कूलरच्या ताट्यांपासून दूर ठेवावी, हेही सांगून ठेवतो.

चिकटवण्याआधी रिंगा कोरड्याच रचून खिडकीसमोर धराव्यात. उजेड आरपार दिसला तर काचेवर चिकटवलेल्या 120 क्रमांकाच्या सँडपेपरवर रिंग सपाट घासावी. उन्हाळ्यात फेव्हिकॉलवर काही मिनिटांतच साय धरते, त्यामुळे सगळ्या रिंगा एकदम हाती न घेता दोन-दोनच जोडाव्यात. मिनिटभर हाताने दाबून, सरकत नाहीत याची खात्री करूनच वर वजन ठेवावे. माझ्याकडे त्यासाठी जुना पाटा आहे. आतल्या बाजूला ओघळलेला फेव्हिकॉल ओला असतानाच पुसावा, कारण वाळल्यावर तो पॉलिश पिऊ देत नाही व डाग कायम राहतो.

तळ सर्वांत शेवटी लावायचा असतो, आणि ही गोष्ट उत्साहात हमखास विसरली जाते. रिंगांची रचना दोन्ही बाजूंनी मोकळी असताना ड्रिलला लावलेला सँडिंग ड्रम, म्हणजे सँडपेपर गुंडाळलेला रूळ, आतून सहज फिरतो. तळ बसल्यावर कोपऱ्यात तोच ड्रम अडतो आणि खळगा पाडतो. आधी 80, मग 120, मग 220 क्रमांकाने आतून घासून झाल्यावरच तळ चिकटवावा आणि बाहेरचे काम त्यानंतर करावे. एवढ्यावरही एखादी बारीक फट राहिलीच, तर त्याच लाकडाचा भुसा व फेव्हिकॉल यांचे मिश्रण तीत भरता येते. पॉलिशनंतर ती जागा आजूबाजूपेक्षा गडद दिसेल, म्हणून वाडगा मांडताना ती बाजू भिंतीकडे करावी.