थंडीचा सल्ला : अंदाज परिसराचा, गारठा मात्र शेताच्या चढउताराप्रमाणे

अंदाजात पहाटेचे तापमान ६ अंश सांगितले म्हणून निश्चिंत राहू नका. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पेटीत ठेवलेला असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमिनीलगत, म्हणजे रोपे असतात तिथे, पारा त्याहून काही अंश खाली जातो.

त्यात भर पडते जमिनीच्या ठेवणीची. दिवसा उंचावर गार असते. दर १००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. शांत रात्री मात्र हे चित्र पालटते. गार हवा जड असल्याने ती उतारावरून पाण्यासारखी खाली सरकते आणि ओढ्याकाठी, खोलगट तुकड्यात साचते. उताराचा मधला पट्टा तेव्हा सर्वांत उबदार असतो. रोपवाटिका आणि फुलोऱ्यावर येणारी नाजूक पिके तिथेच घ्यावीत; सखल भागात कोबी, लसूण यांसारखी थंडी सोसणारी पिके बरी.

उताराला आडवे दाट कुंपण किंवा उंच भराव असेल, तर गार हवा त्याच्या वरच्या अंगाला तुंबते. कुंपणाच्या खालच्या फांद्या छाटून तिला वाट करून द्या. हे काम कडाका सुरू होण्याआधीच उरका. शेतातल्या गार जागा माहीत नसतील, तर चढावर आणि सखलात, पिकाच्याच उंचीला, रात्रीचे सर्वांत कमी तापमान टिपून ठेवणारा एकेक तापमापक (किमान तापमापक) लावा. आठवडाभराच्या नोंदी पुरतात.

उत्तर गोलार्धात दक्षिणेकडचा उतार लवकर तापतो. भाजीला ते मानवते, पण फळझाडे तिथे लवकर फुलतात आणि उशिराच्या थंडीत मोहोर सापडतो. मोठ्या जलाशयालगत ही भीती कमी, कारण पाणी हळू निवते.

कडाक्याचा इशारा आला की आदल्या दिवशी उन्हातच हलके पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते. बागेत वाळल्या पाचटाचा थर असेल, तर तेवढ्या रात्रींपुरता बाजूला ओढा, नाहीतर मातीतली ऊब वर येत नाही. रोपांवरचे आच्छादन मात्र ऊन असतानाच घाला आणि सकाळी काढा. धूर करण्यावर आमचा फारसा भरवसा नाही: ऊब जाळाची, धुराची नव्हे. तुषार सिंचनाने पीक वाचवायचे, तर बर्फ वितळेपर्यंत संच बंद करू नका. मध्येच थांबवला तर बाष्पीभवनाने पीक आणखी गारठते.

पहाटेच्या शांत हवेत फवारणी टाळा. जमिनीलगत अडकलेल्या गार हवेत बारीक थेंब तरंगत राहतात आणि उताराखालच्या शेतात उतरतात. ऊन चढून मंद झुळूक सुरू झाली की फवारा.