कमी खेळल्या जाणाऱ्या सांघिक खेळांचा देशभर प्रसार: नियोजन कसे करावे

हँडबॉल (हाताने चेंडू गोलात टाकण्याचा खेळ), कॉर्फबॉल (उंच खांबावरच्या टोपलीत चेंडू टाकण्याचा खेळ), फ्लोअरबॉल (क्रीडागृहात काठीने खेळायचा हॉकीसारखा खेळ) किंवा अल्टिमेट (चकती फेकून खेळायचा खेळ) यांसारखा खेळ ज्या देशात मोजकेच लोक खेळतात, तेथील राष्ट्रीय महासंघाला प्रसाराची योजना आखताना प्रत्येक प्रांताला एकेक शिबिर वाटून देण्याचा मोह होतो. तो टाळावा. धावपटू एकटा सराव करू शकतो. हँडबॉलचा पूर्ण सामना मात्र दोन्ही बाजूंचे मिळून 14 खेळाडू मैदानात उतरल्याशिवाय रंगत नाही, आणि प्रतिस्पर्धी संघ तासाभराच्या अंतरावर नसेल, तर उत्साहाने सुरू झालेला सरावही हळूहळू थंडावतो. म्हणून एकमेकांना सहज गाठू शकतील अशा चार संघांचा गट, हेच नियोजनाचे एकक धरावे.

या गटाचा हिशेब सोपा आहे. राखीव खेळाडूंसह प्रत्येक संघात 12 जण धरले, तर 48 खेळाडू लागतात. दुहेरी साखळी पद्धतीने, म्हणजे प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी दोनदा खेळला, तर 12 सामने होतात आणि एका दिवशी दोन सामने ठेवले, तर सहा दिवसांत हंगाम पूर्ण होतो. पहिल्या दोन वर्षांत देशभरात असे तीन-चार गट उभे राहिले तरी पुष्कळ झाले, असे माझे मत आहे.

गटाची जागा ठरवताना लोकसंख्येपेक्षा आधी मैदानाच्या वेळा पाहाव्यात. हँडबॉल, कॉर्फबॉल आणि फ्लोअरबॉल या तिन्ही खेळांना 40 बाय 20 मीटरचे क्रीडांगण लागते, त्यामुळे या खेळांच्या संघटनांनी एकाच क्रीडागृहाकडे स्वतंत्र अर्ज करून परस्परांशी स्पर्धा करण्याऐवजी वर्षभराच्या वेळा मिळून मागाव्यात. साहित्य ठेवण्याची सोयही त्याच करारात लिहून घ्यावी. फ्लोअरबॉलला मैदानाभोवती बुटक्या फळ्या लागतात आणि कॉर्फबॉलला 3.5 मीटर उंचीवर टोपली असलेले खांब लागतात, आणि हे सामान दर वेळी वाहून नेणारे स्वयंसेवक फार काळ टिकत नाहीत. अल्टिमेटला मोकळे मैदान आणि एक चकती पुरते, शिवाय नियमांची अंमलबजावणी खेळाडू स्वतःच करतात, म्हणून निधी तुटपुंजा असेल तेथे सुरुवात करायला हा खेळ सोयीचा आहे.

संख्या कमी असेल, तर लहान संघाचा प्रकार निःसंकोच स्वीकारावा. रग्बीमध्ये 15 ऐवजी 7 खेळाडूंचा प्रकार 2016 मध्ये ऑलिंपिकमध्ये आला, तर 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी लॅक्रोसचा (जाळीदार काठीने चेंडू झेलून फेकण्याच्या खेळाचा) सहा जणांचा प्रकार निवडला गेला आहे. त्यामुळे अशा प्रकाराला दुय्यम समजण्याचे कारण उरलेले नाही. कॉर्फबॉलमध्ये प्रत्येक संघात चार स्त्रिया आणि चार पुरुष असतात, हे त्याचे मोठे बळ आहे. पण खेळाडू जमवताना स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या सारखी ठेवावी लागते, अन्यथा ज्यांची संख्या जास्त त्यांच्यापैकी काहींना बसून राहावे लागते.

माझ्या मते बहुतेक योजना पंच आणि प्रशिक्षकांपाशी अडखळतात. शिबिरासाठी बाहेरून आलेला प्रशिक्षक परत गेला की दुसऱ्या दिवशी सराव कोण घेणार, हे शिबिराच्या आधीच नावानिशी ठरलेले असले पाहिजे. प्रत्येक संघाने हंगाम सुरू होण्यापूर्वी किमान एक पंच आणि एक सहायक प्रशिक्षक तयार करावा, ही अट साखळीच्या प्रवेशालाच जोडावी, आणि महासंघाने त्यांचे प्रशिक्षण विनामूल्य द्यावे. नव्या पंचावर मैदानात आरडाओरडा होऊ न देण्याची जबाबदारी संघनायकाकडे स्पष्टपणे सोपवावी, कारण पहिल्याच हंगामात दुखावलेला पंच पुन्हा शिट्टी हाती घेईलच असे नाही.

प्रगती मोजताना शिबिराला आलेल्यांची संख्या जमेस धरू नये. दहाव्या आठवड्यात किती जण सरावाला येतात आणि पुढच्या हंगामासाठी किती जण पुन्हा नोंदणी करतात, हे दोन आकडे प्रत्येक गटाकडून नियमितपणे मागवावेत. शाळा संपताना होणारी गळती वेगळी नोंदवावी. त्या वयोगटातील खेळाडूंना शेवटच्या वर्षातच प्रौढ संघाच्या सरावाला बोलावले, तर ती बरीच कमी करता येते.

नवा गट सुरू करण्याचा निर्णय जुन्या गटाच्या स्थितीवरून घ्यावा. पगारी संयोजकाच्या मदतीविना आणि स्थानिक पंचांच्या बळावर एक संपूर्ण हंगाम पार पडला, की त्या गटासाठी नेमलेला संयोजक व त्याचा निधी शेजारच्या शहराकडे वळवावा, आणि नव्या संघांचे पहिले काही सामने जुन्या गटातील संघांशी ठेवावेत.